जॉन हॉल्डेन : पाणबुड्यांना परतीची वाट दाखवणारा शास्त्रज्ञ

मालवण, गोवा, लक्षद्वीप किंवा अंदमान येथे स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्या पर्यटकाला पाण्यात उतरण्यापूर्वी काही सूचना दिल्या जातात. प्रकृतीविषयीचा अर्ज भरून घेतला जातो. खोलीची मर्यादा सांगितली जाते. वर येताना घाई करू नका, असे पुन्हा पुन्हा बजावले जाते. सुट्टीच्या उत्साहात असलेल्या मंडळींना हे सारे सोपस्कार वाटतात आणि काही वेळा व्यावसायिकांनाही त्यांचा कंटाळा येतो. परंतु या सूचनांमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. पाण्याखाली जाणारा माणूस कशामुळे मरतो आणि कशामुळे वाचतो, याचा शोध एका स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी घेतला आणि त्याचे उत्तर साध्या खलाशालाही वाचता येईल अशा कोष्टकात मांडले. जॉन स्कॉट हॉल्डेन हे त्यांचे नाव.

सोसण्याचे ब्रीद असलेले घराणे

हॉल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिंबरो येथे एका जुन्या जमीनदार घराण्यात झाला. सोसणे, हे एका शब्दाचे ब्रीद या घराण्याच्या मानचिन्हावर कोरलेले होते. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले, तर बहीण एलिझाबेथ लेखिका आणि सामाजिक कार्यकर्ती म्हणून नावारूपास आल्या. मामा जॉन बर्डन-सँडरसन हे ऑक्सफर्डमधील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. जॉन यांनी एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले, काही काळ जर्मनीतील येना विद्यापीठात घालवला आणि १८८४ साली ते डॉक्टर झाले. मात्र दवाखाना थाटून रुग्ण तपासण्यात त्यांचे मन रमणारे नव्हते. माणूस ज्या हवेत जगतो ती हवा त्याच्या शरीरावर काय परिणाम करते, हा प्रश्न त्यांना तरुणपणीच पडला आणि त्याने त्यांना आयुष्यभर सोडले नाही.

या प्रश्नाचा पहिला पाठपुरावा त्यांनी डंडी या गिरणगावात केला. रसायनशास्त्रज्ञ थॉमस कार्नेली यांच्यासमवेत ते रात्री-अपरात्री कामगारांच्या कोंदट खोल्यांमध्ये जात आणि एकेका खोलीत दाटीवाटीने झोपलेल्या कुटुंबांभोवतीची हवा बाटल्यांमध्ये भरून आणत. शाळांमधील हवा तपासली गेली, गटारांमधील हवाही तपासली गेली. गटारातील वायूविषयी त्या काळी मोठी भीती होती. प्रत्यक्ष मोजमापात गर्दीच्या खोल्यांमधील हवा अधिक वाईट आढळली. समजूत आणि मोजमाप यांत अंतर पडले तर मोजमापावर विश्वास ठेवायचा, हा धडा हॉल्डेन यांनी येथे गिरवला. १८८७ साली ते मामांच्या प्रयोगशाळेत ऑक्सफर्डला गेले. १८९१ मध्ये लुईसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन जनुकशास्त्रज्ञ म्हणून, तर कन्या नेओमी मिचिसन कादंबरीकार म्हणून पुढे प्रसिद्ध झाल्या.

खाणीतील अदृश्य मारेकरी

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. खाणीतील माणसे स्फोटाच्या धक्क्याने किंवा भाजून मरतात, असा सर्वसाधारण समज होता. हॉल्डेन यांनी मृतदेहांची तपासणी केली, त्यांच्या रक्ताचे नमुने पाहिले आणि बहुतेक मृत्यू कार्बन मोनॉक्साइड वायूने झाल्याचे दाखवून दिले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक घट्ट चिकटतो आणि माणूस गुदमरल्याची जाणीवही न होता कोसळतो. स्फोटातून वाचलेले अनेक कामगार बाहेर पडण्याच्या वाटेवर या वायूला बळी पडत होते.

या निष्कर्षामागे स्वतःवर केलेले प्रयोग होते. आदल्याच वर्षी हॉल्डेन यांनी प्रयोगशाळेत कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा स्वतः हुंगली होती. ठरावीक वेळाने ते स्वतःच्या रक्ताचा थेंब तपासत आणि लक्षणांची नोंद करत. रक्तातील जवळपास निम्मे हिमोग्लोबिन निकामी होऊन धड चालताही येईना, इथपर्यंत त्यांनी हा प्रयोग नेला. त्याच वेळी लहान प्राण्यांवर या वायूचा परिणाम माणसापेक्षा फार लवकर होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत नेण्याची त्यांची शिफारस यातूनच पुढे आली. ब्रिटनच्या खाणींमधून कॅनरी पक्षी १९८६ साली निवृत्त झाले. तोवर या पिवळ्या पक्ष्याने असंख्य कामगारांना वेळीच सावध केले होते.

१८९७ साली हॉल्डेन रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९०५ मध्ये त्यांनी जे. जी. प्रिस्टली यांच्यासमवेत केलेल्या संशोधनातून श्वासोच्छ्वासाचा वेग मुख्यतः शरीरातील कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रमाणावर ठरतो, हे सिद्ध झाले. आज हे पाठ्यपुस्तकातील साधे वाक्य आहे. तेव्हा तो क्रांतिकारक शोध होता. त्याच वर्षी ब्रिटिश नौदलाने त्यांच्यापुढे पाणबुड्यांचा प्रश्न ठेवला.

वर येताना का मरतात?

तांब्याचे शिरस्त्राण, रबरी पोशाख आणि वरून पंपाने पुरवलेली हवा, अशा सरंजामात त्या काळचे पाणबुडे काम करत. बरेच खोल जाऊन काम करणाऱ्या पाणबुड्याला तळाशी दम लागे, हातापायांतील बळ जाई. ही पहिली अडचण होती. दुसरी अधिक भयंकर होती. वर आल्यानंतर काही वेळाने सांधे असह्य दुखू लागत, पाय लुळे पडत आणि काही जण दगावत. पुलांच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाखालील हवेच्या कोठ्यांत काम करणाऱ्या मजुरांनाही हाच विकार जडत असे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग त्यामुळेच अंथरुणाला खिळले होते. वेदनेने वाकलेल्या या रुग्णांवरून इंग्रजीत या आजाराला बेंड्स हे नाव पडले.

आजाराचे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली सांगून ठेवले होते. दाब वाढला की श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक प्रमाणात विरघळतो. दाब एकाएकी उतरला की सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. सावकाश वर या, एवढा उपाय त्यातून निघत होता. परंतु सावकाश म्हणजे किती? कोणत्या खोलीवरून, किती वेळानंतर, किती मिनिटांत? याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. शिवाय सावकाशपणाला किंमत होती. पाण्यातील प्रत्येक जादा मिनिट म्हणजे कंत्राटदाराच्या दृष्टीने वाया गेलेली मजुरी आणि थंडीने काकडलेल्या पाणबुड्याच्या दृष्टीने वाढलेला छळ. आकड्यांचा आधार नसलेला सावधपणाचा उपदेश अशा ठिकाणी टिकत नाही.

हॉल्डेन यांनी पहिल्या अडचणीचा उलगडा लवकर केला. शिरस्त्राणातील हवा पुरेशी बदलली जात नसल्याने पाणबुडा स्वतःच सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड पुन्हा हुंगत होता. खोली वाढेल त्या प्रमाणात पंपाने अधिक हवा पुरवली पाहिजे, हा नियम त्यांनी घालून दिला. दुसऱ्या अडचणीसाठी मात्र दीर्घ प्रयोगांची गरज होती.

शेळ्या, दाबकोठी आणि कोष्टक

लंडनच्या लिस्टर संस्थेत उद्योगपती लुडविग माँड यांच्या देणगीतून पोलादी दाबकोठी मिळाली होती. पूर्वीचे प्रयोग बहुधा लहान प्राण्यांवर झाले होते. त्यांचे रक्ताभिसरण फार वेगवान असल्याने ते निष्कर्ष माणसाला लागू पडत नव्हते. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी आर्थर बॉयकॉट यांनी म्हणून शेळ्या निवडल्या. सांधा दुखू लागला की शेळी पुढचा पाय उचलून धरते. त्यामुळे सौम्य त्रासही डोळ्यांना दिसत असे. ८५ शेळ्यांवर हे प्रयोग झाले. काही लुळ्या पडल्या, काही मेल्या. माणसांच्या जिवाची किंमत येथे मुक्या प्राण्यांनी मोजली, याची नोंद घेतल्याशिवाय ही हकीकत पूर्ण होत नाही.

प्रयोगांतून एक साधे सूत्र हाती आले. समुद्रात साधारण १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि तेवढ्या खोलीवरून कितीही वेळाने थेट वर आले तरी बेंड्स होत नाही, असा पाणबुड्यांचा अनुभव होता. म्हणजे दाब निम्मा होणे शरीर सहन करते. मग चार वातावरणांवरून दोनवर किंवा सहावरून तीनवर येणेही सहन व्हावे, असे अनुमान हॉल्डेन यांनी काढले आणि शेळ्यांवरील प्रयोगांनी ते खरे ठरवले. त्याबरोबरच शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने नायट्रोजन शोषत नाहीत, हेही त्यांनी हिशेबात धरले. ५ मिनिटांत निम्मे भरणाऱ्या ऊतींपासून ७५ मिनिटांत निम्मे भरणाऱ्या ऊतींपर्यंत पाच गट कल्पून त्यांनी आकडेमोड केली.

यातून निघालेला नियम प्रचलित पद्धतीला उलटवणारा होता. तोवर पाणबुडे तळापासून पृष्ठभागापर्यंत एकाच संथ गतीने वर येत. त्यामुळे खोल भागात वेळ जाई आणि तेवढा वेळ शरीर आणखी नायट्रोजन शोषत राही; खरी सावधगिरी हवी त्या वरच्या भागात मात्र ती गती जास्त ठरे. हॉल्डेन यांनी सुरुवातीचे अंतर लवकर कापण्यास सांगितले आणि पुढे दर दहा फुटांवर ठरलेली मिनिटे थांबत, पायऱ्या चढावे तसे वर येण्यास सांगितले. कोणत्या खोलीवर किती वेळ घालवला, त्यावरून कोठे किती थांबायचे हे कोष्टकात पाहायचे. गणित येण्याची गरज नव्हती.

स्कॉटलंडच्या पाण्यातील कसोटी

प्रयोगशाळेतील कोष्टक समुद्रात उतरवण्याची वेळ १९०६ साली आली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉख स्ट्रिव्हन या खाडीत नौदलाचे लेफ्टनंट गाय डॅमंट आणि तोफखान्याचे अधिकारी अँड्र्यू कॅटो यांनी टप्प्याटप्प्याने खोली वाढवत नेली. अखेरीस ते २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल गेले आणि सुखरूप परतले. तो त्या काळचा विक्रम होता. याच मोहिमेत हॉल्डेन यांनी आपल्या १३ वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात सोडले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता. मनगटापाशी पाणी शिरू लागले, तरी मुलगा धीर न सोडता वर आला. आजच्या कोणत्याही नियमात हे बसणारे नाही. बेतशीर मापाची साधने, वयाची अट आणि सोबत प्रशिक्षक या गोष्टी पुढील पिढ्यांनी अशाच अनुभवांतून शिकून घेतल्या.

नौदलाच्या समितीचा अहवाल १९०७ मध्ये सादर झाला आणि १९०८ साली बॉयकॉट, डॅमंट आणि हॉल्डेन यांचा प्रबंध एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चरबीत नायट्रोजन अधिक साठतो, म्हणून स्थूल व्यक्तींना या कामात धोका जास्त, हेही त्या संशोधनात नोंदवलेले होते. ब्रिटिश नौदलाने ही कोष्टके स्वीकारली आणि पुढे इतर देशांनीही त्यांचा आधार घेतला.

त्यांची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. जानेवारी १९१७ मध्ये लॉरेंटिक हे जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यालगत सुरुंगांवर आदळून सुमारे ४० मीटर पाण्यात बुडाले. जहाजात सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. त्या काढण्याची कामगिरी डॅमंट यांच्यावर सोपवण्यात आली. १९२४ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत पाच हजारांहून अधिक बुड्या मारल्या गेल्या आणि ३,१८६ विटा वर आल्या. एवढ्या खोलीवर, वादळी समुद्रात, इतकी वर्षे काम चालूनही एकही पाणबुडा दगावला नाही. घाईने काम उरकते या समजुतीला यापेक्षा ठोस उत्तर मिळणे कठीण होते.

युद्ध आणि प्राणवायू

एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने विषारी वायू सोडला, तेव्हा सरकारने हॉल्डेन यांनाच तातडीने फ्रान्सला धाडले. वायू क्लोरिन असल्याचे त्यांनी ओळखले. परतल्यावर सहकाऱ्यांसह ते स्वतः क्लोरिन भरलेल्या खोलीत बसत आणि मुखवट्यांची चाचणी घेत. त्याच सुमारास जर्मनीविषयी सहानुभूती असल्याच्या आरोपावरून त्यांचे बंधू रिचर्ड यांना मंत्रिमंडळातून दूर व्हावे लागले. एक भाऊ देशद्रोहाच्या संशयाने घरी बसला असताना दुसरा सैनिकांसाठी फुप्फुसे जाळून घेत होता. वायूने घायाळ झालेल्या सैनिकांना प्राणवायू मोजून देण्याचे उपकरणही हॉल्डेन यांनी तयार केले. प्राणवायूचा उपचार शास्त्रशुद्ध रीतीने रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

युद्धानंतरही खाणकामगारांचे आरोग्य हाच त्यांचा ध्यास राहिला. १९२८ मध्ये त्यांना कम्पॅनियन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला आणि १९३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. पंचाहत्तरीतही ते तेलशुद्धीकरण केंद्रांतील कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास करण्यासाठी इराणला गेले. तेथून परतल्यावर न्यूमोनियाचे निमित्त होऊन मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. मनगटापाशी पाणी शिरलेल्या त्या मुलाने, जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, वडिलांचा वारसा पुढे चालवला. १९३९ साली थेटिस पाणबुडीच्या अपघातात ९९ जणांचा बळी गेल्यावर त्यांनी दाबकोठीत स्वतःवर प्रयोग केले आणि दाबाखालील प्राणवायू किती घातक ठरू शकतो, हे तपासले. १९५७ मध्ये ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

आजच्या केंद्रांपुढील प्रश्न

हॉल्डेन यांच्या काळी मौजेखातर बुडी मारण्याची कल्पनाही नव्हती. स्कूबाची साधने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये विकसित झाली आणि पुढे प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. मनोरंजनात्मक डायव्हिंग केंद्रांसाठी आयएसओ २४८०३ हे आंतरराष्ट्रीय मानक २००७ साली आले आणि २०१७ मध्ये ते सुधारले गेले. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण जाहीर करून जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींवरील उपक्रमांसाठी नोंदणीची चौकट आखली. तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्थाही उभी राहिली.

या साऱ्या मानकांत एखाद्या केंद्राकडून जे अपेक्षित असते, त्यात हॉल्डेन यांची छाया जागोजागी दिसते. टाकीत भरली जाणारी हवा शुद्ध हवी, ही पहिली अट. कॉम्प्रेसरची हवा घेणारी नळी इंजिनाच्या धुराजवळ असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो आणि खोलीवरील दाबामुळे त्याचा मारा वाढतो. युरोपातील मानकाने श्वसनाच्या हवेत या वायूची मर्यादा दहा लाखांत ५ भाग एवढी कडक ठेवली आहे. बुडीचे नियोजन आणि खोलीची मर्यादा, ही दुसरी अट. प्राथमिक प्रमाणपत्रधारकाला सामान्यतः १८ मीटर आणि अनुभवी हौशी पाणबुड्याला ४० मीटर, ही मर्यादा रूढ आहे. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात त्या पायऱ्यांचीच आठवण आहे. तिसरी अट प्रकृतीच्या चौकशीची आणि चौथी तातडीच्या प्राणवायूची. बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी एका बुडीसाठी किमान १२ तास आणि अनेक बुड्यांसाठी १८ तास थांबावे, ही शिफारसही दाब एकाएकी उतरू देऊ नये याच तत्त्वावर उभी आहे.

हॉल्डेन यांचे सारेच आकडे टिकले, असे नव्हे. दीर्घ काळाच्या बुड्यांसाठी त्यांची कोष्टके अपुरी ठरली. १९६५ साली अमेरिकी नौदलाचे रॉबर्ट वर्कमन यांनी आणि नंतर स्वित्झर्लंडचे आल्बर्ट ब्युलमान यांनी त्यांत मूलगामी सुधारणा केल्या. आज पाणबुड्याच्या मनगटावरील संगणक हे गणित क्षणाक्षणाला करतो. मात्र शरीराचे गट कल्पून नायट्रोजनचा हिशेब ठेवण्याची त्याची रीत हॉल्डेन यांचीच आहे. शिवाय ही कोष्टके कणखर नौसैनिकांसाठी होती. उथळ पाण्यात पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकाला बेंड्सपेक्षा घाबरून श्वास रोखत वर येण्याचा धोका अधिक असतो, कारण फुप्फुसातील हवा वर येताना प्रसरण पावते. तेथे कोष्टक उपयोगी पडत नाही. शेजारी असलेला प्रशिक्षित माणूसच उपयोगी पडतो. एका प्रशिक्षकामागे किती पर्यटक, हा प्रश्न म्हणूनच परवान्यातील सर्वांत कळीचा ठरतो आणि गर्दीच्या हंगामात उत्पन्नाचा मोह नेमका तेथेच आडवा येतो.

परवाना भिंतीवर टांगता येतो, टाकीतील हवा मात्र मोजावीच लागते. शेवटची तपासणी कधी झाली, प्राणवायूची नळकांडी भरलेली आहे काय, सोबत येणारा प्रशिक्षक किती जणांना सांभाळणार आहे, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार शासकीय निरीक्षकाला आहे, तसाच पैसे मोजणाऱ्या पर्यटकालाही आहे. डंडीच्या खोल्यांपासून इराणच्या तेलकेंद्रांपर्यंत हॉल्डेन आयुष्यभर हेच करत आले. लोक ज्या हवेत श्वास घेतात ती त्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिली, मोजली आणि मगच नियम सांगितला.